गणिताकडचा पाहुणा

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात दोनच उद्योग मनापासून केले: आधी लोकांची लग्नं जमवली आणि नंतर लोकांच्या पोरांचे अकरावीचे विषय ठरवले. दुसरा उद्योग त्यांनी पहिल्याच्याच रीतीनं केला, हे मात्र त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. पिंपळगाव रेणुकाईला त्यांची मोसंबीची बाग आहे. ती आपोआप पिकते असा आमच्या घरात समज आहे, कारण मामांना बागेत कुणी कधी पाहिलेलं नाही. मामा कायम दुसऱ्याच्या ओसरीवर, चहा बशीत ओतून फुंकत, दोन घरं जुळवत बसलेले. माझंही लग्न त्यांनीच जमवलं. "पोरगं बोलत न्हाई, पण ऐकतं बराबर," एवढ्या एका वाक्यावर त्यांनी आपला भाचा माझ्या गळ्यात मारला. आणि खोटं कशाला बोलू, वाक्य खरं निघालं.

पुढे लग्नं मोबाइलवर जमायला लागली. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. मामांनी टोपी झटकली आणि जाहीर केलं, "पाहुणे पयलं काय इचारतेत? पोरगं काय शिकलं! म्हणजे सोयरीक अकरावीतच जमून राह्यली, अन् आपण धा वर्सांनी जाऊन सुपारी फोडून राह्यलो." झालं! दहावीचा निकाल लागला की मामा घरोघर हिंडू लागले. प्रत्येक विषयाचं घराणं त्यांनी स्थळासारखं तपासलं होतं. भौतिक आणि रसायन म्हणजे सख्ख्या जावा, एकमेकींवाचून राहत नाहीत आणि एकमेकींचं तोंडही बघत नाहीत. भूगोल गरीब, पण घरंदाज. कॉम्प्युटर म्हणजे नवं घर, फरशी चकाचक, पण पाया बघून घ्यावा. जीवशास्त्र देखणं, पण खर्च लई. कॉमर्सच्या पोरांना 'चिटणिसाची कार्यपद्धती' नावाचा विषय असतो हे ऐकल्यावर तर ते ठसका लागेपर्यंत हसले होते, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!" आणि गणित? गणिताचं नाव काढलं की मामा सावरून बसत. "सासू कडक हाय, मान्य. पण एकदा तिच्या हाताखाली नांदली, की मंग कोन्या बी दारात जा, कोनी परत पाठवत न्हाई." पाहिजे तर जीवशास्त्र घ्या, भूगोल घ्या, पण गणित सोडू नका, हा त्यांचा हट्ट. कुणी सोडलंच, तर "काडीमोड घेतली" असं ते इतक्या दुःखानं सांगत, की गणित बिचारं लेकरंबाळं घेऊन माहेरी बसलंय असं वाटावं.

राजूरला एका लग्नात पंगत बसली होती. नवरदेवाचा धाकटा भाऊ हौसेनं बुंदी वाढत आला. मामांनी त्याचं मनगट धरलं. "अकरावीला ना तू? गणित ठेवलं का?" पोरगं म्हणालं, "न्हाई आजोबा, सोडलं." मामा भरल्या ताटावरून उठले! आता आमच्याकडे मोठा माणूस भरल्या ताटावरून उठला म्हणजे काय होतं हे मी सांगायला नको. मानपानात काही राहिलं असणार, पाहुणे रुसले, या घोरानं नवरीचा बाप टॉवेल-टोपी घेऊन धावत आला, मागून चुलते आले, सगळे हात जोडून उभे. मामा म्हणाले, "टोपी नको मला. त्या पोराला गणित घ्यायला लावा, तवाच बसतो." पोरगं व्याह्यांचं, पण बिचाऱ्या नवरीच्या बापानं वेळ निभावायला शब्द देऊन टाकला. दिलेला शब्द मोडायचा कसा? पोरानं गणित घेतलं. आज तो धरणाच्या कामावर इंजिनिअर आहे, आणि मामा लांबून दिसले तरी रस्ता बदलतो.

सगळीच स्थळं लाभली असं नाही. वाटूरच्या एका पोराला मामांनी आग्रहानं गणितही दिलं आणि जीवशास्त्रही दिलं. तो दोन्हींत गटांगळ्या खाऊ लागला. मामा मोसंबीचं पोतं घेऊन त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "स्थळ चांगलं होतं, पत्रिका जुळली न्हाई. यात पोराचा दोष न्हाई, मध्यस्थाचा हाय." मग स्वतः हिंडून त्याला शेतीच्या पदविकेला लावून दिलं. मध्यस्थानं हात झटकायचे नसतात, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला यंदा मीच फोन करून बोलावलं. माझी मुलगी रेवती दहावी झाली आणि तिनं गणित सोडायचं ठरवलं. सायन्स घेणार, जीवशास्त्र घेणार, पण गणित नको म्हणजे नको. मी समजावलं, चिडले, तिच्या मैत्रिणींचा उद्धार केला. डॉक्टरकीला नंबर नाही लागला तर काय करशील, हे मी इतक्यांदा विचारलं की तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. विषय भरायला दोनच दिवस उरले होते. नवरा, सांगितलंच आहे, ऐकत होता.

मामा एसटीनं जालन्यात उतरले ते थेट घरी, आणि आल्या आल्या सतरंजी अंथरायला लावली. "रीतसर बैठक घेऊ. तुमी पोरीकडचे, मी गणिताकडचा." पोहे करायला लावले. रेवतीला समोर बसवलं. ती हसू दाबत बसली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू पाहून मला बरं वाटलं. मामांनी गणिताचं खानदान सांगायला सुरुवात केली. इंजिनिअरिंग झालं, बँकेच्या परीक्षा झाल्या, आकडेशास्त्र झालं. एकेक नातेवाईक मोजून दाखवले. रेवतीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला.

"आजोबा, तुम्ही एवढी लग्नं जमवली. त्यात मुलीला विचारायचात का?"

मामांचा पोह्यांचा घास हातात राहिला. त्यांनी तो ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "न्हाई इचारलं, माय. माझ्या लेकीलाबी न्हाई इचारलं."

त्यांची लेक, म्हणजे रेवतीची आत्या, मी त्यांना ताई म्हणते, आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहते. शाळेत गणितात कायम पहिली. "बारावी झाली अन् हे जालन्याचं स्थळ आलं," मामा सांगत होते. "गुरुजी घरी आल्ते. म्हनले, पोरीला पुढं शिकवा, हिचं डोकं गणिताचं हाय. मी त्यांना चहा पाजला अन् साखरपुड्याचं आवतन दिलं. घर चांगलं भेटलं तिला, तिथं चूक न्हाई. पण इचारलं न्हाई." त्यांनी ताटली खाली ठेवली. "म्हनून तुला इचारतो. गणिताकडचा-बिणिताकडचा सोड. तुझ्या मनात काय हाय?"

रेवती खाली बघत म्हणाली, "मला त्याची भीती वाटते. मी पाठ करून मार्क आणलेत. मला ते कळत नाही."

इतकं समजावलं मी, आणि हे विचारलंच नव्हतं.

मामांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "बाई, आपल्या रेवतीला गणिताचं भेव वाटून राह्यलं. तुला रविवारचं येऊन शिकवायला जमल का? जमत नसलं तर बिलकुल न्हाई म्हण." फोन त्यांनी स्पीकरवर टाकला होता. मग ताईंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू आला.

"बाबा, तुमी पयल्यांदाच मला काही इचारून राह्यले." आणि मग, "येते की. कव्हा येऊ?"

रेवतीनं गणित ठेवलं. दिवाळीपर्यंत बघीन, नाही जमलं तर सोडीन, असं आजोबांकडून कबूल करून घेऊन ठेवलं. तेही रास्तच आहे.

रविवारी ताई आल्या. मामाही मुद्दाम पिंपळगावहून आले आणि माझ्याशी गप्पा मारत बाहेरच्या खोलीत बसले. आत ताईंचंच एक उदाहरण अडलं. इतक्या वर्षांनी अडणारच! त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, खोडत होत्या, रेवती मध्येच काहीतरी सुचवत होती. आणि एकदम ताई लहान पोरीसारख्या ओरडल्या, "आलं! आलं बघ!"

मामा बोलता बोलता थांबले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "ही शाळेत होती तवा हा आवाज रोज यायचा घरात. मंग बंद कव्हा झाला, ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई."