सातव्या क्रमांकाचा संदर्भ

कुणाचं अक्षर कितीही गचाळ असलं तरी मला चालतं, पण संदर्भसूचीत स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम दिसला की माझं डोकं फिरतं. लेखकाचं आडनाव आधी, मग आद्याक्षरं, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, वर्ष ठळक, मग खंड, मग पानं. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला अख्खा वर्ग रसायनशास्त्राच्या प्रोजेक्टचं शेवटचं पान माझ्याकडून तपासून घ्यायचा. मीही नाक वर करून लाल पेन चालवायचे.

ते संदर्भ वाचायचे असतात, हे मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नव्हतं. रंगाच्या कारखान्यातल्या सांडपाण्यावर प्रोजेक्ट असला की दहा संदर्भांची एक यादी सीनियर्सकडून मिळायची, त्यांना ती त्यांच्या सीनियर्सकडून मिळालेली. आधी मजकूर लिहायचा आणि मग दर दोन-चार वाक्यांनंतर यादीतला एखादा आकडा कंसात चिकटवायचा. मी त्या यादीतली सगळी विरामचिन्हं सुधारली आणि सही घ्यायच्या दिवशी सकाळी मोठ्या अभिमानाने ती ज्युनियर्सच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आता एकही चूक नाही.'

दुपारी प्रोजेक्टवर सहीसाठी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. मॅडम त्याच वर्षी आमच्याकडे शिकवायला आल्या होत्या, पण शिकल्या होत्या आमच्याच कॉलेजात. त्यांची सही नसेल तर बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेणार नव्हते, म्हणजे माझं वर्षच लटकलं असतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. त्यांनी शेवटचं पान उघडलं तेव्हा मी शाबासकीची वाट बघत उभी होते.

त्यांचं बोट सातव्या ओळीवर थांबलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हा कुठून आणलास?"

"लायब्ररीतून," मी बेधडक सांगितलं.

"खोटं बोलू नकोस. हा पेपर कुठल्याच लायब्ररीत नाही."

तरी माझ्या तोंडातून निघालंच, "मॅडम, पण फॉरमॅट तर बरोबर आहे ना?"

त्या हसल्या नाहीत. पानावरची नजर न हलवता म्हणाल्या, "फॉरमॅट बरोबर असणारच. मीच केलाय तो. शेवटच्या वर्षाला दहा संदर्भ हवे होते आणि माझ्याकडे नऊच होते. हे आडनाव कुळगावात आमच्या समोर राहणाऱ्यांचं. वर्ष माझ्या जन्माचं. पान क्रमांक आमच्या घराचा. असं नियतकालिकच नाही गं कुठे."

मी त्या ओळीतला एक स्वल्पविराम दोनदा तपासला होता! इतक्या बॅचेस, इतके मार्गदर्शक, इतक्या सह्या, आणि एकानेही तो पेपर उघडून बघायचा प्रयत्न केला नव्हता. मॅडमही हादरल्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, "सात नंबर कुठल्या वाक्याला लावलायस?"

मी पान काढून दिलं. वाक्य असं होतं: या पाण्यात चुना एकदम न टाकता थोडा थोडा, ढवळत टाकावा, नाहीतर गाळ नीट खाली बसत नाही.

"हे तरी खरं आहे का?"

"खरं आहे मॅडम. मी दोन्ही प्रकारे करून बघितलं. मला पप्पांनी सांगितलं होतं." पप्पा आनंदनगरच्या एमआयडीसीत सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहेत. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरी जेवता जेवता त्यांनी हे सांगितलं होतं.

"मग त्यांचं नाव का नाही लिहिलंस?"

"पप्पांचं? प्रोजेक्टमध्ये?" मला खरंच धक्का बसला. जिवंत माणूस, तोही डबा घेऊन शिफ्टला जाणारा, संदर्भ असू शकतो हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी सांगितलं तसं लिहिलं: आडनाव, आद्याक्षरं, ऑपरेटर, प्रत्यक्ष संभाषण, तारीख. उरलेले नऊ त्यांनी मला समोर बसवून एकेक शोधायला लावले. दोन सापडलेच नाहीत, ते काढून टाकले. मग सही केली. सही करताना म्हणाल्या, "ती यादी आता पुढे जाऊ देऊ नकोस."

वर्ष वाचलं म्हणून हायसं वाटायला हवं होतं. पण मला सकाळचा ग्रुप आठवला. जिन्यातच मोबाइल काढला. यादीखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी घाईघाईने लिहिलं, 'सात नंबर वापरू नका. तो पेपर अस्तित्वातच नाही. बाकीचेही उघडून बघा.'

मग एका मुलीचं उत्तर आलं.

'दीदी, मैंने तो प्रिंट निकाल लिया. फॉरमॅट तो सही है ना?'