मांडवावर उतरलेला प्रबंध

माझ्या पीएचडीने आजवर एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो. (वेळ आली होती. पण घेतला नाही.)

मी वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. ज्या वयात लोक गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात, त्या वयात मी स्वतःच डॉक्टर व्हायला निघालो. विषय असा: उडता ड्रोन आणि जमीन यांच्यातला रेडिओ सिग्नल झाडांमुळे, पिकांमुळे किती क्षीण होतो आणि नेमका कुठे तुटतो. मुळात मी भित्रा माणूस. मिक्सर लावतानाही हात लांब करून, तोंड फिरवून लावतो. त्यात आमचा ड्रोन प्रयोगशाळेत जुळवलेला. सहा पंखे, खाली लोंबणारा अँटेना आणि आवाज असा, की अख्ख्या गावच्या भुंग्यांनी एकदम भांडण काढावं! त्याची पाती फिरू लागली की मला माझी बोटं तपासून पाहावीशी वाटतात.

मोजमापासाठी मोकळं शेत हवं होतं. ते रोहण्याला माझ्या साळ्याकडे, प्रकाशकडे होतं. त्याच्याच घरी रविवारी त्याच्या मुलीचं, पल्लवीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. मी सोयीचा बेत आखला: शनिवारी मोजमाप, रविवारी जेवण. पण शनिवारी वारा सुटला आणि चिंचेच्या झाडाआडचं एक मोजमाप राहून गेलं. सोमवारी ड्रोन गाईडसरांना परत करायचा होता. (ड्रोनपेक्षा मी कुणाला जास्त भीत असेन तर गाईडसरांना.)

रविवारी सकाळी प्रकाशच्या घरून ड्रोनची पेटी उचलली आणि बायकोने, संगीताने, दारातच पकडलं.

"कुठी निघाले जी?"

"शेतात. हा गेलो आणि हा आलो."

"आज तरी त्या भिंगरीले हात लावू नका! मुलाकडचे सिंदीवरून निघाले हायेत. मुलाचे बाबा लय कडक हायेत म्हणते. मागच्या ठिकाणी चहा थंडा भेटला, तं उठून गेलते!"

"मी कुठे चहा करतोय?"

"तुमी काहीही करू शकता," ती म्हणाली. एवढा विश्वास माझ्यावर गाईडसरांनीही कधी दाखवलेला नाही.

तरी मी गेलो. सोबत संगीताचे भीमरावकाका आले. पाहुण्यांसमोर तंबाखूचा खर्रा खाता येत नाही, एवढाच त्यांचा संशोधनातला रस. मी ड्रोन उडवला, कपाशीवरून नेला आणि चिंचेमागे खाली खाली उतरवू लागलो. पडद्यावर सिग्नलचा आकडा घसरत होता. काय सुंदर घसरत होता! माझ्या सूत्राप्रमाणे तो अजून बराच टिकणार होता.

तो तुटला.

मी दांडी डावीकडे ढकलली. काही नाही. उजवीकडे ढकलली. काही नाही.

"काय झालं जवाईबुवा? ऐकत नाई का?"

"सिग्नल गेला, काका!"

"मंग आता पडन का?"

"नाही, नाही! सिग्नल गेला की तो आपोआप वर चढतो आणि घरी परत जातो. तशी सोय आहे."

खरंच, ड्रोन चिंचेमागून वर आला, जागच्या जागी वळला आणि निघाला. मला क्षणभर त्याचा अभिमानच वाटला.

"कोणाच्या घरी जी?" काकांनी विचारलं.

हे 'घर' आपण आधी नेमून द्यायचं असतं. जवळ झाड नको, तारा नकोत, सपाट आणि मोकळी जागा हवी. मी ती शनिवारीच नेमली होती आणि आज बदलायची विसरलो होतो. अख्ख्या रोहण्यात तशी एकच जागा मला सापडली होती: प्रकाशचं अंगण!

त्या अंगणात आता मांडव होता. मांडवात माणसं होती. माणसांच्या कडेवर लेकरं होती.

मी धावत सुटलो. संगीताला फोन लावला, तर टॉवर नाही! रेडिओ सिग्नलवर पीएचडी करणारा माणूस फोन उंच धरून "हॅलो! हॅलो!" करत शेताच्या धुऱ्यावरून पळत होता आणि त्याचं संशोधन त्याच्या डोक्यावरून पुढे निघून गेलं होतं. मला सारखं एकच दिसत होतं: कुठलं तरी लेकरू टाळ्या वाजवत वर हात करतंय. पळता पळता मी मनातल्या मनात कॉलेजची माफी मागितली, पोलिसांची मागितली, प्रकाशची मागितली. पल्लवीशी काय बोलायचं, ते मात्र सुचेना.

"जवाईबुवा, चप्पल राह्यली तुमची!" मागून काका ओरडले.

पोहोचलो तेव्हा बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती. ड्रोन मांडवावर घोंघावत सावकाश खाली येत होता.

"बाहेर या! सगळे बाहेर पळा!" मी किंचाळलो.

लोक बाहेर आले. पण पळाले नाहीत. वर पाहून हात हलवू लागले!

"पहा बाप्पा, साक्षगंधाले ड्रोन लावला!" एक बाई पदर सारखा करत म्हणाली. "लाज वाटते वं, मी साधीच साडी नेसली!"

शूटिंग! या सगळ्यांना हे शूटिंग वाटत होतं! मांडव रिकामा झाला. फक्त मुलाचे बाबा सोफ्यावर बसून राहिले. मानाचा पाहुणा उठून धावत नसतो. ड्रोन बरोबर त्यांच्या डोक्यावर कापडाला टेकला. कापड फुगलं, खाली झोळ आला, फाटलं, आणि पात्यांनी खालच्या झेंडूच्या माळा किसून काढल्या. मी डोळे मिटले.

एकदम शांतता झाली. पाती कापडात गुरफटून थांबली होती.

डोळे उघडले तेव्हा मुलाचे बाबा पाकळ्यांनी न्हाऊन निघाले होते. त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर ड्रोन झोळीत निजल्यासारखा लटकत होता.

"वा!" ते म्हणाले. "ड्रोनमधून पुष्पवृष्टी! आमच्या सिंदीत एकानंही नाई केली अजून. कोणाची कल्पना जी?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उत्तरही होतं आणि शिक्षाही.

"माझी," मी अनवाणी उभा राहून म्हणालो.

"मंग व्हिडिओ कधी भेटन?"

ड्रोनला कॅमेराच नव्हता. नुसता अँटेना होता. खरं सांगायला मी तोंड उघडलंही. पण समोर पल्लवी हसत होती आणि सोफ्यावर तो कडक माणूस चक्क खूश दिसत होता.

"थोडा वेळ लागेल," मी म्हणालो.

साक्षगंध झालं, पुढे लग्नही झालं. गाईडसर म्हणाले, सूत्र चुकलंय, पुन्हा मोजमाप घ्या. आणि ते व्याही अजून फोन करतात: "व्हिडिओचं काय झालं जी?" त्यांचा नंबर दिसला की मी फोन घेऊन दारातल्या कडुलिंबाआड जाऊन उभा राहतो. माझ्या सूत्राप्रमाणे तिथे सिग्नल तुटायलाच हवा.

अजून एकदाही तुटलेला नाही!