मावशीच्या फोनमधून

त्या सोमवारी पाच वाजेपर्यंत चाचणी जमली तर नोकरी घरून, अमरावतीतूनच. नाही जमली तर पुण्याची दुसरी नोकरी धरायची आणि आईला इथं एकटीला ठेवायचं. शेतीची अवजारं विकणाऱ्या एका कंपनीचं संकेतस्थळ वरूडकडच्या गिऱ्हाइकांना नेमकं काय दाखवतं, ते मला पकडून द्यायचं होतं. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून सगळं ठीक दिसायचं, आणि गावाकडून तक्रारींवर तक्रारी.

म्हणजे प्रॉक्सी हवी. आपल्याऐवजी दुसऱ्या यंत्रानं जाऊन ते पान मागायचं आणि आपल्याला आणून द्यायचं. आधी मी मोठ्या सर्व्हर-केंद्रातली स्वस्त प्रॉक्सी लावली. सुसाट पळाली आणि दारातच अडली! पत्त्यावरूनच ओळखलं त्यांनी, की हे गिऱ्हाईक नाही, यंत्र आहे. मग भाड्यानं घरगुती प्रॉक्सी घेतली, कुणाच्या तरी घरच्या इंटरनेटमधून जाणारी. ती आत शिरली, पण घर निघालं पुण्याचं. शिवाय त्या घरच्यांना हे ठाऊक तरी आहे का, असं विचारलं तर विकणारा सवलतीचे दर सांगायला लागला. माझं डोकंच फिरलं.

उरली मोबाइलची, गावातल्याच कुणाच्या तरी फोनच्या इंटरनेटमधून जाणारी. वरूडजवळ शेंदूरजनाघाटला माझ्या मावशीची संत्र्याची बाग आहे. आदल्याच दिवशी जाऊन, तिला विचारून मी तिच्या फोनवर ॲप टाकून ठेवलं होतं. समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"बागेचा भाव काढाले परक्याले कोनी धाडते का? गावातलाच मानूस लागते," ती म्हणाली. मला हे कळायला सहा महिने लागले होते.

साडेचारला जोडणी लावली. लागली! पान उघडायला लागलं आणि फटकन बंद. मावशीला फोन केला, तर फोनही बंद. दहादा केला. खोलीत येरझारा घालत मी तिला नाही नाही ते बोलले.

पाचला दहा कमी असताना तिचाच फोन आला. "बंद ठेवला होता वं. व्यापारी आलता बागेत. सौद्याच्या मधात दुसऱ्याचा फोन आला का भाव बिघडते."

"मावशी, ठेव आता, पन बंद नोको करू!" मी ओरडले.

पान उघडलं: 'तुमच्या गावात माल पोहोचवत नाही.' हेच, हेच तर हवं होतं! पाचला तीन मिनिटं असताना त्याचं चित्र पाठवलं.

साडेपाचला होकार आला. मी उड्या मारतच स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. आठवडाभर तिनं मला जा किंवा राहा, काहीच म्हटलं नव्हतं.

"मंग आता डोयातल्या मोतीबिंदूच्या आपरेशनची तारीख घेतो," ती म्हणाली.

"कोणतं ऑपरेशन?"

तिनं हात धुतले. "आंधी सांगतलं असतं तं तू माह्यासाठी थांबली असती ना वं."