दोन मार्क आणि सकाळची भवानी

मॅट्रिकच्या आधीच्या परीक्षेत बाईंनी मला इंग्रजीत दोन मार्कांनी पाडलं आणि बोर्डाचा फॉर्म अडवला. इंडियन, जपानीज अशा शब्दांची पहिली अक्षरं मी लहान काढली होती, एवढाच गुन्हा. मी शाळा सोडली, फुटपाथवर कपबश्या विकल्या आणि पंधरा वर्षांनी घाटकोपर स्टेशनजवळ स्वतःचं दुकान टाकलं. बाईंवरचा राग मात्र काचसामानासारखा जपून ठेवला होता.

रंगीत टीव्ही घराघरांत येत होते तेव्हाची गोष्ट. सकाळी शटर वर केलं, तर समोर बाई. केस पांढरे, नजर तीच.

"थर्मास दाखव रे."

मी भाव सांगितला. त्यांनी तो निम्मा केला. दुसरं कोणी असतं तर हाकलून दिलं असतं, पण भवानी व्हायची होती. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दिवस बुडतो, हे मी आजही मानतो. बाईंनाही ते पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात त्यांना थर्मासवरचं कार्ड दिसलं. मीच इंग्रजीत लिहिलेलं. जपानीजचा जे लहान.

"अजून तेच?"

"बाई, लहान जे म्हणजे जपानसारखा. अस्सल असता तर मोठा काढला असता."

"मग भावही लहान कर." त्या पायरी उतरल्या. "नाहीतर सगळी कार्डं सुधार, म्हणशील त्या भावाने नेते. देशाच्या नावावरून आलेला शब्द, पहिलं अक्षर मोठं."

"जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, बाई!"

"जर्मनी आहे ना? लिही."

भवानीसाठी मी स्केचपेन घेऊन बसलो. दहा कार्डं होती. जर्मन, चायनीज, इंडियन. मोठ्या अक्षराने माल एकदम भारदस्त दिसायला लागला. मला मोह झाला. शेवटची दोन कार्डं प्लास्टिकच्या बादल्यांची आणि स्टीलच्या डब्यांची. त्यांचीही पहिली अक्षरं मी ठसठशीत मोठी करून टाकली.

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं.

"प्लास्टिक कुठल्या देशाचं नाव रे?"

त्यांनी मी सांगितलेल्या भावाने थर्मास घेतला आणि जाता जाता गल्ल्यापुढच्या कार्डावर लाल शाईत लिहिलं: दहापैकी आठ.

दिवसभर धंदा झकास झाला. फक्त येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते कार्ड वाचून विचारत होतं, "शेठ, दोन मार्क कशात गेले?"