रक्तातले राखणदार

८ जुलै १९९१. सकाळी मी सक्शनच्या नळ्या उकळायला टाकत होते, तेवढ्यात नाना आपलं लोखंडी स्टूल फरफटत आले. म्हणजे आज ते हलणार नव्हते. धुळ्यातले बाकीचे भूलतज्ज्ञ पेशंटने डोळे उघडले की स्कूटरला किक मारायचे. नाना पेशंटच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि नातेवाइकांना अडवायचे. "मानूस जपना का त्याना रंगतमाना राखनदार बी जपतस. बाहेर थांबा!" मी नगरची. जपणं म्हणजे सांभाळणं, एवढंच मला ठाऊक. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं आणि रंगत म्हणजे रक्त, हे नानांनीच शिकवलं. पुढे ते जळगावला मुलाकडे गेले, तिथेच वारले. स्टूल आमच्याकडे राहिलं.

आत शिंदखेड्याची मंगल होती. विळा लागून धनुर्वात झालेली. थायोपेंटोन या भुलीच्या औषधाच्या सलाइनवर झोपवून ठेवल्याने झटके थांबले होते, पण आता ताप चढला होता आणि गळ्यातल्या नळीतून हिरवट कफ येत होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिक बदलू. थायोपेंटोनला हात लावू नका. झटक्यात श्वास अडकला तर पोरगी जाईल."

"नाही लावला तर न्यूमोनियाने जाईल. हे औषध इतकं लांबलं की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. तुमचं अँटिबायोटिक एकटं किती लढणार?"

"मग जबाबदारी तुमची, नाना."

"म्हणून तर स्टूल आणलंय."

त्यांनी थेंब कमी केले. मंगलची आई कळवळली, "नाना, आते कुठे जपनी पोर. जपू द्या ना तिले!"

"माय, ती एकलीच नही जपनी. राखनदारस्ले उठाडनं शे."

दुपारी झटका आला. मंगलची पाठ धनुष्यासारखी वर उचलली गेली, ओठ निळे पडले. मी नळीला फुगा लावून दाबत होते, छाती हलेना. मोठे डॉक्टर ओरडले, "वाढवा थेंब!" नानांनी एका हाताने सलाइनचे थेंब वाढवायची चकती झाकली, दुसऱ्याने झटका थांबवणारं डायझेपाम दिलं. फुग्यातली हवा पुन्हा आत जायला लागली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता.

"सिस्टर, मी घाबरलो की मला काम सांगत जा."

"मग ही नळी धरा," मी म्हटलं. त्यांनी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल स्वतःहून खोकली. ताप थोडा उतरला होता. पेशी जाग्या झाल्या की अँटिबायोटिक लागू पडलं, कोण जाणे. नाना खोलीतच, दाराजवळ स्टुलावर भिंतीला टेकले होते, तोंड उघडं.

"सिस्टर," आई कुजबुजली, "नाना जपनात."

मोठे डॉक्टर राउंडला येत होते. मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"पेशंट बरी आहे," मी म्हटलं. "पाच मिनिटं बाहेर थांबा."