वेणूआत्याची किळस

वेणूआत्या नळ उघडायची तो हातात चिंधी धरून. "रातभर त्याच्यावर पाली फिरतेत," म्हणायची. हात धुवायचे ते कोपरापर्यंत, आणि धुऊन झाले की दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती उन्हात उभी राहायची, कारण टॉवेलला आधी कोणी काय पुसलं असेल याचा भरवसा नाही. गांधीबागेतल्या त्या घरात आम्ही खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वर मालक, म्हणजे कापडाचे व्यापारी नानाकाका, काकू, त्यांचा मुलगा दिलीप, माझ्याच वर्गातली त्यांची मुलगी कुसुम आणि नानाकाकांची ही मोठी बहीण. आत्या आमच्याकडे आली की आई घाईघाईने खुर्ची पुसायची. आत्या तरीही उभीच राहायची.

तिचं लग्न झालं होतं, पण जेमतेम दोन महिने टिकलं. नवरा तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा आणि पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर थुंकायचा. एके सकाळी तिने ट्रंक भरली आणि माहेरी आली. वडीलधाऱ्यांची बैठक बसली, काय त्रास आहे ते सांग म्हणाले. आत्याचं उत्तर आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. "मारत नाई, शिव्या देत नाई. मले किळस आली, मी आली." मला हे ऐकून लहानपणी हसू यायचं. आता वाटतं, एवढ्या स्वच्छ कारणाने नवरा सोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

नानाकाका माल घ्यायला मद्रासला गेले आणि तिथे त्यांनी छोट्या गाड्यांची शर्यत पाहिली. परत आले ते वेगळेच होऊन. एका मिस्त्रीला धरून त्यांनी लोखंडी पाइप, जुन्या स्कूटरचं इंजिन आणि चार बुटकी चाकं यांची एक गाडी बनवून घेतली. जमिनीपासून वीतभर उंच बसायचं, पाय पसरायचे आणि सुटायचं. गो-कार्ट असं तिचं नाव नानाकाका रुबाबात सांगायचे. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आत्याने नाकाला पदर लावला. "नाना, हे काय आणलं गा घरात? मेल्यावानी वास मारून राहिलं."

"बाई, दिलीप शर्यत जिंकन ना, तवा पाहजो," नानाकाका म्हणाले. "साऱ्या बाजारात नाव होईन."

मग दर रविवारी पहाटे सगळं घर कामाला लागायचं. काकू पुऱ्या तळायच्या, दुकानातली माणसं गाडी टेम्पोत चढवायची आणि आम्ही उमरेड रस्त्यावरच्या एका जुन्या, पडीक धावपट्टीवर जायचो. दिलीप गुणी होता, पण त्याच्या पोटाला पेट्रोलचा वास सोसायचा नाही. पहिल्याच रविवारी त्याला वांती झाली, आणि ती डोक्यावरच्या टोपातच, म्हणजे हेल्मेटमध्येच. नानाकाकांनी टोप उलटा करून झटकला, आतून रुमालाने पुसला आणि म्हणाले, "घाल. मर्दाले असं चालत नाई." पोरगा रडत रडत तो टोप घालून पुन्हा बसला. बापाने हे केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी मी पुऱ्यांच्या डब्याला हात लावला नाही.

घरी आल्यावर आत्याने तो टोप सांडशीत धरून मोरीत नेला. रिठ्याने धुतला, उन्हात ठेवला, पुन्हा धुतला. मग दुकानातलं मऊ मलमल आणून तिने आतून घालायची अस्तरं शिवली. दिलीपच्या अस्तराला निळ्या दोऱ्याची कड. आणि लाल कडेची दुसरी, कुसुमसाठी. "एकाच्या डोक्याचा घाम दुसऱ्यानं काहून घ्यावा?" एवढंच ती म्हणाली. शर्यतीचा तिला तिटकारा होता, पण दर शनिवारी अस्तरं धुऊन, वाळवून, घडी करून तयार असायची.

कुसुमची अस्तरं लागायची, कारण दिलीप आडवा झाला की नानाकाका तिला बसवायचे. इंजिन गरम राहावं म्हणून, असं ते म्हणायचे. पण ती सुटली की ते धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहायचे. वळणावर दिलीप गाडी दमवायचा, कुसुम नुसतं अंग कलतं करून निघून जायची. पेट्रोल संपेपर्यंत ती थांबत नसे. एकदा तिची पोटरी धुराच्या नळीवर भाजली. काकू कपाळाला हात लावून बसल्या, आता हिला कोण करून घेईल म्हणून. कोरफड लावता लावता आत्या म्हणाली, "पायाले लगन करा लागते काय वं? चालवते मस्त ते पाह्य ना." आत्याच्या तोंडून कशाला मस्त म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शर्यतीला जबलपूर, रायपूरकडची मुलं आली होती. मुलींना मनाई नव्हती, पण एकही मुलगी नव्हती. नानाकाकांनी नाव दिलीपचंच दिलं होतं. त्या दिवशी आत्याही आली, नाकावर फडकं बांधून, आणि स्वतःची सतरंजी घेऊन. सुरू व्हायच्या जरा आधी दिलीप टेम्पोमागे ओकत बसला. नानाकाकांनी इकडेतिकडे पाहिलं, दिलीपचा निळा डगला काढून कुसुमला चढवला, तिने सवयीने लाल कडेचं अस्तर घातलं तसा टोप तिच्या डोक्यात दाबला. "बोलू नको, उतरू नको. संपली का सरळ टेम्पोमागं ये."

आणि कुसुम जिंकली. शेवटच्या वळणावर तिने जबलपूरच्या पोराला असं मागे टाकलं की आम्ही सगळे ओरडत सुटलो. आत्या सतरंजी सोडून धुळीत उभी होती. फडकं गळ्यात आलं होतं आणि धूर नाकातोंडात जात होता, पण तिला भान नव्हतं.

कुसुम टेम्पोमागे आली ती हसत, धापा टाकत. टोप काढून ती बापाकडे पाहत राहिली. शाबासकीसाठी, दुसरं काय? नानाकाकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. डगला उतरवला, दिलीपच्या अंगात घातला आणि तो ओला टोप त्याच्या डोक्यावर ठेवायला लागले. तिकडे भोंग्यावरून दिलीपच्या नावाचा पुकारा होत होता.

आत्याने टोप मध्येच धरला. नुसत्या हाताने, चिंधी न घेता. आतली लाल कड उलटी करून भावाच्या तोंडासमोर नेली. "हा घाम कोनाचा हाय, नाना?"

"बाई, सोड. उशीर होऊन राहिला."

"पोट्ट्याच्या ओकारीची मले किळस नाई आली कधी. तुही किळस येऊन राहिली."

नानाकाकांनी टोप हिसकला. दिलीप गेला, कप घेऊन आला, फोटो निघाला. कुसुम टेम्पोच्या चाकाला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "जाऊ दे नं, घरातच हाय कप." मला त्या माणसाचा इतका तिरस्कार वाटला की परत येताना मी त्यांच्या हातची जिलबी खिडकीतून फेकून दिली. अजूनही मला त्याचं काही वाटत नाही.

कप दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बसला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्याने तो काढला आणि मोरीत खरकट्या ताटांच्या ढिगात नेऊन ठेवला. नानाकाका चिडले. ती म्हणाली, "दुसऱ्याचं उष्टं हाय. उष्ट्याची जागा मोरीत." त्यांनी कप धुऊन परत कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोरीत. असं वर्षानुवर्षं चाललं. आत्या एका शब्दाने भांडली नाही, फक्त भावाच्या हातचं पाणी घेतलं नाही. दिलीप पुढच्या शर्यतीत अर्ध्यातच गाडी सोडून उतरला आणि पुन्हा बसला नाही. कुसुमला बसवायचा विषय निघाला की नानाकाका दुकानात निघून जायचे. शेवटी गाडी भंगारात गेली. कुसुमचं लग्न होऊन ती उमरेडला गेली.

आत्या गेली तेव्हा कुसुम आली. तेराव्याला पंगती उठल्या आणि नानाकाका पाहुण्यांना कपाटाजवळ घेऊन बसले. डोळे पुसत सांगू लागले, "आमच्या बाईले दिलीपच्या कपाचा लय अभिमान होता. रोज आपल्या हातानं काढे." पाहुणे हळहळले. मेलेल्या बहिणीचं तोंडही या माणसाने वापरून घेतलं. दिलीप मान खाली घालून पानाचे देठ खुडत होता.

कुसुम वाढायचं भांडं खाली ठेवून आली. कोणाकडे न बघता तिने कपाट उघडलं, कप उचलला आणि मोरीत जाऊन तेराव्याच्या खरकट्या ताटांवर ठेवला. नानाकाका अर्धवट उठले, पाहुण्यांकडे पाहिलं आणि परत बसले. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. मी डोकावले तर कुसुमने नळाच्या चाकीवर चिंधी धरली होती आणि ती हात धूत होती, कोपरापर्यंत.