फुंकलेली मेणबत्ती

काल वीज आल्यावर सुनेनं मेणबत्ती फुंकली आणि त्या धुरकट वासासरशी सोलापूरचं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान डोळ्यांपुढं आलं. आमच्या शेजारी गिरणीतला एक कॅथलिक विणकर राहायचा. देव आहे हे बुद्धीलाही कळतं, असं तो म्हणायचा. मी प्रोटेस्टंट मास्तर. बुद्धी पापानं आंधळी झालीय, विश्वास फक्त देवच देतो, असं सांगून दर रविवारी त्याला गप्प करायचो. मग त्याची बायको वारली. दफनाला मी सोबत गेलो होतो. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यानं कबरीवर मेणबत्ती लावली, पण लगेच फुंकली. म्हणाला, "मास्तर, मन तर ती गेली तवाच रितं झालं. डोक्यानं तेवढा देव धरला हुता, तो तुमी सोडायला लावलात. आता तुमचा देव मला विश्वास देईना की."  तेव्हापासून मी मेणबत्ती फुंकत नाही. जळून संपू देतो.